चुना लावा, पण भिंतीला

फौजेत एक जुना विनोद आहे. हलणारं काही दिसलं तर सॅल्यूट मार, न हलणारं दिसलं तर रंगवून टाक. इन्स्पेक्शनच्या आधीचा आठवडा ज्यांनी एखाद्या युनिटमध्ये काढला आहे, त्यांना यात विनोद कुठे आहे असा प्रश्न पडेल. रस्त्याकडेच्या तिरप्या विटा, झाडांची खोडं, फायर पॉइंटच्या बादल्या, क्वार्टर गार्डसमोरचे दगड, सगळ्यांवरून हात फिरतो. सामान दोनच: गेरू आणि चुना. दोन दिवसांत, किरकोळ खर्चात, तीस वर्षं जुनी बराक नव्यासारखी दिसायला लागते.

नागरी मित्र या गेरू-चुन्याला हसतात. त्यांना हसू द्या. माझी तक्रार आपल्याच लोकांबद्दल आहे. कमी पैशात घर ताजं करण्याची विद्या फौजी माणसाला नोकरीभर फुकट शिकायला मिळते, आणि पेन्शनीत येऊन गावाकडे उतरला की पहिल्या महिन्यात तो ती विसरतो. मग दारात टेम्पो लागतो, पुट्टीच्या गोण्या, पीओपीची पोती, चकचकीत फरश्या उतरतात, आणि कम्युटेशनची रक्कम भिंतींना फासली जाते.

ही रक्कम म्हणजे काय, ते माजी सैनिकांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. पेन्शनचा काही भाग आपण सरकारला विकतो आणि त्याचे एकरकमी पैसे घेतो. तो भाग दर महिन्याच्या पेन्शनमधून कापला जातो आणि १५ वर्षांनी पूर्ववत होतो. म्हणजे त्या पैशातून लावलेला रंग तीन पावसाळ्यांत उतरला, तरी त्याची कपात पुढची बारा वर्षं चालूच राहते. आमचा शिपाई चाळिशीच्या आसपास, कधी त्याच्याही आधी घरी येतो. मुलं शाळेत असतात, आई-वडील थकलेले असतात. अशा वेळी कुठल्या भिंतीवर किती पैसा घालायचा हा हौसेचा प्रश्न राहत नाही.

आम्ही आजवर अकरा घरांत राहिलो. एकही आमचं नव्हतं. महूला जुना बंगला मिळाला होता. उंच छत, हातभर जाडीच्या भिंती, वर उजेडासाठी झरोके. भिंतीवर चुन्याचे इतके थर होते की खिळा ठोकला तर पापुद्र्यांत वर्षं मोजता आली असती, पण ओल म्हणून कुठे नव्हती. तेजपूरला आसामी पद्धतीचं घर होतं. लाकडी चौकट, मधे इकरा नावाच्या बोरूसारख्या गवताच्या पट्ट्या, वर लिंपण, आणि पत्र्याचं छप्पर. पाऊस लागला की घरात बोलणं ऐकू यायचं नाही, पण पत्रा भिंतीच्या बराच पुढे आलेला असल्याने भिंतीला थेंब लागत नसे. जोधपूरला वरच्या मजल्यावरचं क्वार्टर होतं, आणि मे महिन्यात पंखा सुरू केला की तो छताची उष्णता खाली ढकलायचा. शेजारच्या हवालदार साहेबांनी सांगितलं म्हणून गच्चीवर चुन्याचे दोन दाट हात मारून घेतले. खोलीतला फरक त्याच रात्री कळला. तिथल्या जुन्या शहरातली निळी घरंही चुन्यात नीळ घालूनच रंगवलेली असतात.

प्रत्येक घरात शिरताना बायकोची पद्धत एकच. आधी आठ दिवस काहीही विकत आणायचं नाही. काळ्या ट्रंका जोडून ठेवायच्या, वर गादी, त्यावर सोलापुरी चादर, की दिवाण झाला. सामानाच्या लाकडी खोक्यांची फळी-फळी करून पुस्तकांचं कपाट. मग जे नको ते बाहेर. बदलीचा हा एक मोठा फायदा आहे. दर अडीच-तीन वर्षांनी घरातला अडगळीचा थर आपोआप खरवडला जातो. गावाकडच्या घरात ही सोय नसते. पंधरा वर्षांची बंद पडलेली टीव्हीची खोकी तिथे माळ्यावर सुखाने नांदत असतात. कित्येक घरांना नव्या रंगापेक्षा एक बदली घडण्याची गरज आहे.

आता मुद्द्याचं उदाहरण. माझ्या कंपनीत होते ते एक सुभेदार साहेब. नाव सांगत नाही, गडहिंग्लज बाजूचे. मी आजऱ्याकडचा, म्हणून सुट्टीत गाठ पडते. घरी आल्यावर त्यांनी वडिलांच्या हातचं स्लॅबचं घर नवं करून घेतलं. साडेतीन लाख रुपये. पुढच्या खोलीत पीओपीचं छत आणि त्यात दडवलेले दिवे, आतल्या सगळ्या भिंतींना पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट, बाहेरच्या पश्चिमेच्या भिंतीला दाणेदार टेक्श्चर. दसऱ्याला वास्तूत जेवणं झाली. मीही जेवलो. घर खरोखर सुरेख दिसत होतं. पुढच्या जुलैत पश्चिमेच्या भिंतीला आतून फोड आले. हाताने दाबले की पाणी. ऑगस्टपर्यंत पोपडे पडून खाली पांढरा खार दिसायला लागला. ठेकेदाराने फोन उचलणं बंद केलं होतं.

दोष रंगाचा नव्हता. गच्चीवर गेलो तर कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे पेन्सिल जाईल एवढी भेग होती, पश्चिमेच्या पूर्ण लांबीची. पाणी तिथून भिंतीत उतरत होतं. बाहेरून टेक्श्चर, आतून प्लॅस्टिक. मधल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून त्याने फोड काढले. त्या भेगेचा खर्च किती होता? ती खोलून, साफ करून, चांगल्या मसाल्याने भरून, कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा मारायचा, म्हणजे पाणी तिथे थांबत नाही. एका गवंड्याचं दीड दिवसाचं काम. साडेतीन लाखांच्या अंदाजपत्रकात ते नव्हतं, कारण ते कोणाला दिसत नाही आणि दसऱ्याच्या जेवणाला आलेला पाहुणा गच्चीचा कोपरा बघायला वर जात नाही.

म्हणून पहिला पैसा पाण्यावर. पहिल्या वळवाच्या पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा, फौजी भाषेत रेकी म्हणा. पन्हळ कुठे गळते, पागोळ्या भिंतीवर पडतात की लांब, छज्ज्याच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच आहे का, जोत्यालगत माती चढून भिंत बुडाली आहे का, ते बघा. जोत्यालगतची माती फावड्याने ओढून उतार बाहेरच्या बाजूला करायला काही लागत नाही. गच्चीला उतार नसेल तर ब्रिकबॅट कोब्याचा खर्च मोठा वाटेल, पण रंग पुढे ढकलून तो करा. वरून पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक लावता आलं तर उत्तम. फुटक्या टाइल्स दुकानदार स्वस्तात देतात आणि उन्हाळ्यात घरही थंड राहतं. तेवढं जमत नसेल तर जोधपूरचा उपाय आहेच, दर मार्चमध्ये चुना.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याकडे घर रंगवायचं ते दसरा-दिवाळीच्या आधी. आजी नवरात्र बसायच्या आधी घायपाताचं पान ठेचून कुंचा करायची आणि सगळं घर पांढरं करून टाकायची. त्या वेळी भिंती कशा असतात? चार महिने पाऊस पिऊन ओल्या. आणि चुन्याला तेच हवं असतं. चुन्याचा हात देण्याआधी कोरडी भिंत मुद्दाम ओली करावी लागते. लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडीचा दगड होतो, आणि त्या क्रियेला ओलावा लागतो. शिवाय तो भिंतीची वाफ अडवत नाही. आतली ओल दिवाळीपर्यंत त्यातून निघून जाते. चुना अल्कधर्मी असल्याने पावसाळ्यातली बुरशीही त्यावर टिकत नाही.

आपण काय केलं? रीत तीच ठेवली, दसऱ्याची, आणि माल बदलला. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट, तेही सप्टेंबरात, घाईघाईने, पाहुणे यायच्या आत. आजीचं चुकत नव्हतं आणि रंगाच्या कंपनीचंही चुकत नाही. डब्यावर भिंत कोरडी असावी असं लिहिलेलं असतं. प्लॅस्टिक पेंट लावायचाच असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये लावा, पाडव्याच्या आधी, भिंती खडखडीत वाळलेल्या असताना. दसऱ्याला लावायचं असेल तर चुना. ज्याची सुट्टी सप्टेंबरातच मंजूर झाली आहे त्याने हे लक्षात ठेवून सामान आणावं.

चुन्याबद्दल लोकांची तक्रार असते की तो अंगाला लागतो आणि खरवडतो. तो नीट केलेला नसतो म्हणून लागतो. पुडीतला तयार चुना बादलीत ढवळून लगेच फासला तर तेच होणार. सरकारी बांधकामाच्या स्पेसिफिकेशनमधलं प्रमाण मी वापरतो. १ किलो कळीच्या चुन्याला सुमारे ५ लिटर पाणी, २४ तास मुरू द्यायचं, मग जाड्याभरड्या फडक्यातून गाळायचं. गाळलेल्या दर १० लिटरला ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालायचा, म्हणजे चुना भिंत धरतो आणि कपड्याला लागत नाही. चुन्याच्या १ किलोला ३ ग्रॅमपर्यंत नीळ, म्हणजे पिवळट झाक जाते. हात पातळ द्यायचा, ताकासारखा. ओला असताना भिंत दिसत राहते आणि नवखा रंगारी घाबरून जाड थर देतो. वाळला की पांढरा होतो. जाड थर दिलात तर तो पापुद्र्याने सुटणारच.

दोन सूचना ऑर्डर समजा. कळीचा चुना विरवताना पाणी उकळतं, तेव्हा प्लॅस्टिकची बादली नको, लोखंडी पिंप घ्या, आणि पाण्यात चुना थोडा थोडा टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. डोळ्यांवर गॉगल असल्याशिवाय कुणालाही जवळ येऊ देऊ नका, मुलांना तर मुळीच नाही. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि थेट दवाखाना गाठा.

चुना सगळीकडे चालतो असं नाही. आधीचा ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक पेंट असेल तर त्यावर तो टिकत नाही, खरवडून मूळ गिलाव्यापर्यंत जावं लागतं. आमच्यासारख्या घाटावरच्या पावसात बाहेरच्या उघड्या भिंतीवरचा चुना दर वर्षी धुतला जातो. तिथे सिमेंट पेंट बरा, पण तोही लावण्याआधी भिंत ओली करावी लागते आणि नंतर पाणी मारावं लागतं, हे रंगारी सांगत नाहीत. अलीकडे शेणापासूनचा रंगही मिळतो. खादी ग्रामोद्योग आयोगाचा, २०२१ च्या जानेवारीत नितीन गडकरींनी त्याचं उद्घाटन केलं. तेव्हा डिस्टेंपरची किंमत १२० रुपये लिटर आणि इमल्शनची २२५ होती. माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “शेण आता डब्यात मिळतंय होय?” आणि गोठ्याकडे बघून हसली.

आमच्या जांभ्याच्या घराचा हिशेब सांगतो. तीन खोल्या, माजघर आणि ओसरी. कौलं उतरून शाकारणी वेगळी, ती दर वर्षी असतेच. चुना, डिंक, नीळ, दोन कुंचे आणि दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी मिळून साडेचार हजारांच्या आत. तिसरा माणूस मी, मला मजुरी नाही.

आता गेरू. आमच्याकडे त्याला काव म्हणतात. घराच्या जोत्याला आणि भिंतीच्या खालच्या हात-दीड हात उंचीला कावेचा पट्टा द्यायची जुनी पद्धत आहे. बराकीलाही तसाच पट्टा असतो. तो शोभेसाठी आहे असं वाटतं, पण पावसाचा थेंब अंगणात आपटून तांबडा चिखल नेमका तेवढाच वर उडवतो. पांढरी भिंत खाली घाण दिसते, काव दिलेली दिसत नाही. राजस्थानातल्या खेड्यांत बायका याच दोन रंगांनी, गेरू आणि खडूसारख्या पांढऱ्या मातीने, अंगणात मांडणे काढतात. घराचा चेहरा बदलायला तो पट्टा आणि दारापुढची दोन हात जागा पुरते. बाकी भिंतीकडे कोणी बघत नाही.

दारं-खिडक्या जुन्या सागवानाच्या असतील तर कृपा करून त्यांवर ऑइल पेंटचा आणखी एक थर चढवू नका. धुवा, घासा, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन मिसळून फडक्याने चोळा. लाकूड पुन्हा बोलायला लागतं. ती तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. उन्हात पसरून वाळवा, मग फेका. आणि जुना रंग कोरडा घासून काढू नका. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या चकचकीत रंगात किती शिसं असेल ते सांगता येत नाही, आणि त्याची धूळ लहान मुलांना सर्वांत वाईट. पाणी मारून ओला घासा, मुलांना मामाकडे पाठवा, पोपडे गोळा करा.

इथवर वाचून एखादे माजी सैनिक म्हणतील, साहेब, तुम्हाला बोलायला काय जातंय. आयुष्याची बावीस वर्षं बराकीत, तंबूत आणि बंकरमध्ये काढली, आता आमच्या छताला दिवे असले तर तुमच्या पोटात का दुखतं? हा प्रश्न रास्त आहे. ज्याने सियाचीनला फायबरच्या झोपडीत रॉकेलच्या काजळीत झोप काढली आहे त्याला गुळगुळीत पांढऱ्या छताखाली पडून राहावंसं वाटलं, तर त्यात उधळेपणा नाही. गावालाही फौजीच्या घराकडून अपेक्षा असते. भावकी बघत असते. चुन्याच्या घरात मुलीचं स्थळ बघायला पाहुणे येतात तेव्हा काय वाटतं, ते मला माहीत आहे.

माझं म्हणणं एवढंच की हौसेचा पैसा शेवटी, आणि त्याआधी न्हाणीघर. बावीस वर्षं तुम्ही बाहेर होता तेव्हा ज्यांनी घर सांभाळलं, ती माणसं आता सत्तरीत आहेत. आईला गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही आणि ती कोणाला सांगत नाही, पाणी कमी पिते. एक कमोड, भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा आधार, रात्री चालू राहणारा एक छोटा दिवा, उंबऱ्याशी उतार. पीओपीच्या एका खोलीच्या पैशात हे सगळं होतं. आणि ती आरशासारखी चकचकीत फरशी नको. ओल्या पायाने घसरून खुबा मोडलेली म्हातारी माणसं मी दोन घरांत पाहिली आहेत, दोन्ही फौजींची घरं, दोन्ही नुकतीच नवी केलेली. खरखरीत फरशी त्याच दुकानात त्याच किमतीला मिळते. जुनी शहाबादी असेल तर ती उखडूच नका, घासून घ्या.

सुभेदार साहेबांनी यंदा फेब्रुवारीत गच्चीची भेग बुजवून घेतली. पश्चिमेची भिंत आतून गिलाव्यापर्यंत खरवडली आणि पावसाळाभर तशीच उघडी ठेवली. भावकीतल्या लोकांनी चार वेळा विचारलं, पैसे संपले काय. ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला, “साहेब, भिंत कोरडी आहे, हात लावून बघतोय.” आता दसऱ्याआधी तिला चुना देणार आहेत, पिंप माझ्याकडून नेलं आहे. पुढच्या खोलीतलं पीओपीचं छत तसंच आहे, दिवेही लागतात. संध्याकाळी त्याखाली बसून चहा घेताना ते वर बघून विचारतात, “चांगलं दिसतंय ना?” चांगलंच दिसतं, आणि मी तसं सांगतो.